घाटासाठी जुनी सायकल: 40-28 पासून 26-34 पर्यंत

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पुण्यातील एक निवृत्त शिक्षक आपली सायकल घेऊन माझ्याकडे आले. वय त्रेसष्ट, वजन 68 किलो, आणि आठवड्यातून चार दिवस पहाटे तीस-चाळीस किलोमीटर चालवण्याची अनेक वर्षांची सवय. सायकल 1979 सालची, इंग्लंडमध्ये रेनॉल्ड्स 531 या पोलादी नळ्यांपासून बांधलेली. त्यांचे थोरले बंधू तेव्हा तिकडे नोकरीला होते आणि परतताना त्यांनी ती घरसामानाबरोबर जहाजाने आणली होती. बंधू आता हयात नाहीत. म्हणून मूळ भाग शक्य तितके राखायचे, फ्रेम वाकवायची नाही आणि जे काही बदलू ते पुन्हा पूर्ववत करता आले पाहिजे, अशा तीन अटी त्यांनी पहिल्याच भेटीत घातल्या. त्या मला मनापासून पटल्या.

त्यांचे गाऱ्हाणे एका वाक्यात सांगण्यासारखे होते: "सपाटीला सायकल अजून पाखरासारखी पळते, पण घाट लागला की गुडघे बोलायला लागतात." पिशव्या लादून वरंधा घाटाने महाडला उतरायचे, चार दिवस कोकणात फिरायचे आणि त्याच घाटाने वर यायचे, असा त्यांचा बेत होता. शहरातील एका दुकानात त्यांना सल्ला मिळाला होता की फ्रेम तेवढी ठेवा आणि बाकी सगळे नवे बसवा, कारण गिअर बदलायचे जुने लिव्हर आता कशालाच जुळत नाहीत. माझे मत याच्या नेमके उलट होते. या सायकलीवर सर्वांत जास्त गोष्टींशी जुळवून घेणारा भाग कोणता असेल, तर तो तिचा जुना लिव्हरच.

कामाला हात घालण्यापूर्वी सायकलीवर काय आहे त्याची नोंद केली. पुढे फ्रान्सच्या टीए कंपनीचा सिक्लोतुरिस्त क्रँक (पेडल ज्याला जोडलेले असते तो दांडा), त्यावर 50 आणि 40 दातांच्या दोन रिंगा. मागे पाच दातेरी चक्रांचे, हबवर आट्यांनी बसणारे फ्रीव्हील; चक्रांचे दात 14, 17, 20, 24, 28. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, आखूड पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे त्याचा सैल चेन ताणून धरणारा खालचा भाग). डाउन ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर, पट्ट्याने आवळलेले दोन साधे, घर्षणावर चालणारे लिव्हर. मागच्या हबसाठी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागासाठी, फ्रेममधील अंतर 126 मिलिमीटर. चाके 27 इंची.

सायकल स्टँडला लावण्याआधी मी कागद-पेन्सिल घेतली. घाटाची सायकल जुळवताना सुरुवात सर्वांत हलक्या गिअरपासून करावी आणि तिथून मागे येत बाकीचे भाग निवडावेत. डिरेलर कोणता मिळतो यावरून गिअर ठरवणे म्हणजे पायाला सोडून दुकानातल्या जोड्याचे माप घेण्यासारखे आहे. या सायकलीचा सर्वांत हलका गिअर 40-28, म्हणजे पुढे 40 आणि मागे 28 दात. सायकलवाल्यांच्या जुन्या मापात (पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा इंचांतील व्यास) तो 38.6 इंच होतो, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 3.08 मीटर पुढे जाते. स्वार, सायकल आणि सामान मिळून 95 किलो धरले आणि चढ सात टक्के धरला, तर गुरुत्वाकर्षण आणि टायरचा अडथळा मिळून जवळपास 71 न्यूटनचा विरोध होतो. मिनिटाला 60 फेऱ्या या बेताच्या गतीने तो गिअर फिरवायचा म्हटला, तरी 218 वॅट शक्ती लागते. साठी ओलांडलेल्या माणसाकडून तासभर टिकेल अशी शक्ती मी 120 वॅट धरली. तेवढ्या शक्तीत वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास राहतो आणि पेडल मिनिटाला जेमतेम 33 वेळा फिरते. प्रत्येक फेरीत पायावर सरासरी 200 न्यूटनचा, म्हणजे साधारण 20 किलो वजनाइतका दाब येतो, आणि पाय सर्वांत जोरात दाबतो त्या क्षणी तो याहून पुष्कळ जास्त असतो. गुडघे का बोलतात, ते या आकड्यांत स्पष्ट दिसत होते.

हेच 120 वॅट मिनिटाला साठ फेऱ्यांच्या आसपास काढायचे असतील, तर एका फेरीत सायकल 1.65 ते 1.75 मीटर जायला हवी. पुढे 26 आणि मागे 34 दात घेतले की 1.65 मीटर येतात, फेऱ्या 61 होतात आणि पायावरचा सरासरी दाब 11 किलोवर येतो. पुढची रिंग मागच्या चक्रापेक्षा लहान, ही कल्पना अनेक चांगल्या सायकलस्वारांना आजही कमीपणाची वाटते. तशी ती वाटू नये. फ्रान्समधील सेंत-एतिएन या डोंगरी भागातील पॉल द व्हिवी (1853–1930), ज्यांना सायकल-जगत व्हेलोसिओ या नावाने ओळखते, त्यांनी चढाला चढाचा गिअर हवा हे आयुष्यभर सांगितले. तूर द फ्रान्सच्या स्पर्धकांना मात्र डिरेलर वापरण्याची मुभा 1937 साली मिळाली. प्रवासी सायकलस्वार याबाबतीत शर्यतवाल्यांच्या कितीतरी वर्षे पुढे होते.

क्रँक आणि त्याचे आटे

टीएचा हा क्रँक माझ्या दृष्टीने या सायकलीचा सर्वांत मोलाचा भाग आहे. त्याची बाहेरची रिंग 50.4 मिलिमीटरच्या लहानशा वर्तुळावरील पाच बोल्टांनी क्रँकला बसते आणि आतल्या रिंगा 80 मिलिमीटर वर्तुळावरील सहा बोल्टांनी बाहेरच्या रिंगेला जोडल्या जातात. या रचनेमुळे आतली रिंग 26 दातांपर्यंत लहान घेता येते. म्हणजे आम्हाला हवी असलेली सोय 1979 पासून याच क्रँकमध्ये होती, फक्त ती कोणी वापरली नव्हती. 46, 36 आणि 26 दातांच्या रिंगा परदेशातून मागवल्या. तीन रिंगांना जागा हवी म्हणून दोन्ही क्रँकना जोडणारा मधला आस लांब घ्यावा लागणार होता, आणि त्यासाठी क्रँक उतरवणे भाग होते.

येथे पहिली अडचण आली. क्रँक ओढून काढण्याच्या पुलरचे आटे आजच्या बहुतेक सायकलींत 22 मिलिमीटरचे असतात, टीएच्या या जुन्या क्रँकचे 23 मिलिमीटरचे आहेत, आणि स्ट्राँगलाइट या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या जुन्या क्रँकचे तर 23.35. उजव्या क्रँकच्या तोंडाची टोपी काढून विजेरीचा झोत टाकला, तर बाहेरचे दोन आटे चपटे झालेले आणि तळाशी ग्रीसमध्ये ॲल्युमिनियमचा बारीक चकचकीत कीस अडकलेला. कोणीतरी पूर्वी 22 चा पुलर घालून जोर लावला होता. तो सैल बसतो, दोन-तीन आट्यांच्या टोकांना धरतो आणि ओढ आली की आटे कापत बाहेर येतो. मालकांना दोनच महिन्यांपूर्वीची एक दुरुस्ती आठवली, पण आता त्याचा उपयोग नव्हता. आतले आटे शाबूत होते. भोसरीच्या एका लेथवाल्याकडून बाहेरून 23 मिलिमीटरचे आटे असलेली पोलादी बुशी करून घेतली. रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने क्रँकचे आटे साफ केले, बुशी हाताने शेवटपर्यंत फिरवत नेली आणि पूर्ण बसल्यावरच मधला बोल्ट आवळला. क्रँक एका बारीक आवाजासरशी सुटला. जुन्या फ्रेंच क्रँकला पान्हा लावण्यापूर्वी व्हर्निअरने आट्यांचे माप घ्यायला दोन मिनिटे लागतात, आणि ती दोन मिनिटे वाचवल्यामुळे कायमचे निकामी झालेले क्रँक मी पाहिले आहेत.

नव्या आसावर क्रँक बसवल्यावर आतली रिंग आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) यांच्यात तीन मिलिमीटरची फट राहिली. तेवढी पुरते.

पुढच्या डिरेलरने उलटाच अनुभव दिला. तीन रिंगांसाठी म्हणून एक नवा डिरेलर आणला होता, पण त्याच्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी फुगीर असल्याने ती दर फेरीला क्रँकला घासू लागली, कारण टीएचा क्रँक बाहेरच्या रिंगेच्या अगदी जवळून फिरतो. मग दोन रिंगांसाठी बनवलेला मूळचा, सपाट पट्ट्यांचा डिरेलरच परत लावला आणि तो चालला. 26 च्या रिंगेवर चेन असताना मागे सर्वांत लहान दोन चक्रे घेतली, तर चेन पिंजऱ्याच्या खालच्या आडव्या पट्टीला टेकते. ती जोडी वापरण्याचे कारणच पडत नसल्याने हे आम्ही चालवून घेतले.

मागच्या बाजूचा हिशेब

मागे सात चक्रांचे 14-34 फ्रीव्हील निवडले. त्याचा क्रम 14, 16, 18, 20, 22, 24 आणि मग एकदम 34 असा आहे. स्वस्त गिअरच्या सायकलींमुळे असली फ्रीव्हील आपल्याकडे सहज मिळतात, त्यांचे आटे या इंग्रजी हबला जुळतात आणि 126 मिलिमीटरच्या अंतरात सात चक्रे बसतात. सर्वांत लहान चक्रावरची चेन फ्रेमला घासत होती, म्हणून आसावर एक मिलिमीटरचा वॉशर घातला आणि चाक त्याप्रमाणे मधोमध ओढून घेतले. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे बेअरिंग बरेच आत असल्याने आसाचा मोठा भाग आधाराशिवाय राहतो आणि लादलेल्या सायकलीचा आस तिथेच वाकतो किंवा तुटतो. त्यासाठी जुना आस काढून काचेवर लोळवून पाहिला. तो किंचित उड्या मारत होता. तो बदलला.

पुढच्या रिंगांतील फरक 20 दात आणि मागच्या चक्रांतील फरक 20 दात, म्हणजे डिरेलरला एकूण 40 दातांची सैल चेन सावरावी लागणार. जुन्या आखूड पिंजऱ्याला ते शक्य नव्हते. येथे मात्र नवा भाग घेतला: जपानच्या शिमानो कंपनीचा सात-आठ गिअरांसाठीचा लांब पिंजऱ्याचा, डोंगरी सायकलीचा डिरेलर. चेनची लांबी सर्वांत मोठी रिंग आणि सर्वांत मोठे चक्र यांच्यावरून, डिरेलरमधून न ओवता, गुंडाळून मोजली आणि त्यावर एक इंच जास्त ठेवली. स्वार दमला की चुकून 46-34 ची जोडी पडतेच, आणि तेव्हा चेन आखूड असेल तर डिरेलर उपटून निघतो.

आता मूळ प्रश्न उरला: 1979 चा लिव्हर हा डिरेलर चालवील का?

शिमानोने 1984 साली ड्युरा-एस या शर्यतीच्या भागांच्या संचात टप्प्याटप्प्याने टिक करत सरकणारा लिव्हर आणला आणि तेव्हापासून लिव्हर, डिरेलर आणि चक्रांमधले अंतर ही तिन्ही एकमेकांशी बांधली गेली. एका टिकेला ठराविक केबल, तेवढ्या केबलला डिरेलरची ठराविक सरक, आणि ती बरोबर एका चक्राइतकी. यातला एक भाग बदलला की उरलेले दोन बिघडतात. जुन्या लिव्हरला टप्पे नाहीत. तो हवी तेवढी केबल ओढतो आणि योग्य जागा कान व बोटे ठरवतात. त्यामुळे चक्रे पाच की सात, डिरेलर जपानी की फ्रेंच, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याला विचारायचा प्रश्न एकच असतो: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवल्यावर पुरेशी केबल ओढली जाते का?

हे मोजता येते आणि मोजावेच. सात चक्रांतील अंतर प्रत्येकी 5 मिलिमीटर, म्हणजे डिरेलरला एकूण 30 मिलिमीटर सरकायला हवे. केबलवर पेनाने खूण केली, ती बरोबर 10 मिलिमीटर ओढली आणि डिरेलरची वरची कप्पी किती सरकली ते पाहिले: 17 मिलिमीटर. शिमानोच्या या पिढीतील डिरेलरांचे प्रमाण 1.7 असते, त्याच्याशी हे जुळले. तेव्हा 30 मिलिमीटरसाठी केबल लागणार 17.6. मोठ्या चक्रावर चढवताना लिव्हर क्षणभर थोडा पुढे न्यावा लागतो आणि केबलमध्ये थोडी ढिलाई असते, त्यासाठी आणखी एक मिलिमीटर. लिव्हर पूर्ण फिरवून केबल मोजली तर 19 मिलिमीटर भरली. पुरत होती, पण काठावर. केबल आवळताना लिव्हर अगदी पुढच्या टोकाला आहे ना, हे दोनदा पाहावे लागले. मागे अर्धा मिलिमीटर जरी सैल राहिला असता, तर 34 चे चक्र आलेच नसते, आणि नेमके त्याच चक्रासाठी हा सगळा खटाटोप होता.

स्टँडवर सगळे सुरेख चालले. जपानच्या सनटूर कंपनीच्या नोबुओ ओझाकी यांनी 1964 मध्ये चेन आडवी सरकवणारा डिरेलरचा चार सांध्यांचा चौकोन तिरका बसवण्याची कल्पना काढली, आणि सनटूरचे पेटंट संपल्यावर तीच कल्पना सर्वांनी उचलली. तिच्यामुळे कप्पी प्रत्येक चक्रापासून जवळपास सारख्या अंतरावर राहते. त्या मूळ सायकलीवर चक्र सापडेपर्यंत लिव्हर पुढे-मागे चाचपावा लागत असे. आता तोच लिव्हर थोडा ढकलला की चेन टपकन जागेवर बसत होती. मालकांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मला काम संपल्यासारखे वाटले.

सिंहगड

परीक्षा सिंहगडावर घ्यायची ठरली. पायथ्यापासून आठ-नऊ किलोमीटरमध्ये सुमारे 600 मीटर चढणारा गाडीरस्ता पुण्याच्या सायकलस्वारांच्या ओळखीचा आहे. पिशव्यांत 13 किलोचे तांदूळ आणि पुस्तके भरली. पहिले दोन किलोमीटर ठीक गेले. तिसऱ्यात एका तीव्र वळणावर ते पेडलवर उभे राहिले आणि चेन 34 वरून आपोआप 24 वर घसरली. पेडल एकदम जड झाले, सायकल जागीच थांबली आणि ते कसेबसे पाय टेकवू शकले. हे त्या चढात चार वेळा झाले.

दोष गिअरचा नव्हता, लिव्हर पकड सोडत होता. एक तर नव्या डिरेलरची स्प्रिंग जुन्यापेक्षा जोरकस आहे. दुसरे, उभे राहून जोर दिला की फ्रेम किंचित पिळवटते आणि केबलला झटके बसतात. घरी येऊन लिव्हर उघडला तेव्हा तिसरे कारण हाताला लागले. घर्षणाचे वॉशर तेलाने चिंब होते. सायकल चांगली राहावी म्हणून कोणी प्रेमाने तिथे तेल सोडत आले होते, आणि ज्या जागेचे कामच घर्षण करणे आहे ती जागा गुळगुळीत झाली होती. वॉशर रॉकेलमध्ये धुतले, कोरड्या फडक्याने पुसले, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने लावले आणि स्क्रू आवळला.

आता लिव्हर सरकेना, हे खरे, पण तो मालकांनाही सरकवता येईना. साध्या लिव्हरमध्ये घर्षण दोन्ही दिशांना सारखे असते. स्प्रिंगला रोखण्याइतके ते वाढवले की मोठ्या चक्रावर चढवताना अंगठ्याला स्प्रिंगचा जोर आणि ते घर्षण असे दोन्ही एकदम पेलावे लागतात. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याला संधिवात आहे. गुडघ्याचे दुखणे काढून अंगठ्याला द्यायचे, हा मार्ग मला मान्य नव्हता.

यावरचा उपायही त्याच काळात सापडतो, आणि तो मला फार आवडतो. सनटूरच्या पॉवर रॅचेट लिव्हरमध्ये बारीक दातांचे एक रॅचेट असते. केबल ओढताना ते रॅचेट टरटर करत सुटे फिरते, म्हणून हाताला फक्त स्प्रिंगचा जोर लागतो, घर्षणाचा नाही. केबल सोडताना रॅचेट धरते आणि घर्षण मध्ये येते. त्यामुळे घर्षण हवे तेवढे वाढवता येते आणि तरी लिव्हर ओढायला हलका राहतो. फ्रान्सच्या सिम्प्लेक्सने हेच काम गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या साहाय्याने केले होते. ती टरटर ऐकून अनेकांना वाटते की हे गिअरचे टप्पे आहेत. तसे नाही, दात इतके बारीक असतात की एका चक्रापासून दुसऱ्यापर्यंत कितीतरी टरटरी होतात.

पट्ट्याने आवळायची सनटूरची एक जोडी, डाउन ट्यूबच्या 28.6 मिलिमीटर मापाची, एका मित्राच्या सुट्या भागांच्या डब्यात मिळाली. फ्रेमला भोक नाही, वेल्डिंग नाही, जुना पट्टा जिथे होता तिथेच नवा बसला. केबलची ओढ पुन्हा मोजली तेव्हा ती 21 मिलिमीटर भरली, म्हणजे काठावरचा प्रश्नही सुटला. तरीही मूळ लिव्हरचा पहिला प्रयत्न मी वाया गेला असे मानत नाही. तरुण अंगठ्याच्या स्वारासाठी, स्वच्छ कोरड्या वॉशरांसह, तोच लिव्हर पुरेसा ठरला असता.

दुसऱ्या वेळी त्याच ओझ्यासह ते सिंहगडावर न उतरता पोहोचले. मी मागून मोजत होतो. तीव्र भागात वेग ताशी सहाच्या आसपास आणि पेडलच्या फेऱ्या 58 ते 62. कागदावरचा हिशेब रस्त्यावर इतका जवळ येईल, अशी माझी अपेक्षा नव्हती.

या जुळणीत एक खरी उणीव आहे. 24 आणि 34 या चक्रांच्या मध्ये काहीही नाही. 26 च्या रिंगेवर 29 इंचांवरून एकदम 20.6 वर यावे लागते आणि पाच टक्क्यांच्या चढाला एक जड तर दुसरा नको इतका हलका वाटतो. 36-34 ने 28.6 इंच मिळतात, पण ते 26-24 च्या इतके जवळ आहेत की त्याने ती दरी भरत नाही. मागच्या चाकात आठ चक्रांचा कॅसेट हब (ज्यावर चक्रे आट्यांऐवजी सरकवून बसतात) घातला असता, तर टप्पे सारखे पडले असते. मात्र त्यासाठी फ्रेम 126 वरून 130 मिलिमीटरला फाकवावी लागली असती आणि बंधूंच्या वेळचा हब निघाला असता. मालकांनी दरी पसंत केली आणि त्यांच्या जागी मीही तेच केले असते. वरच्या टोकाचा 50-14 गेल्याचे मात्र दोघांनाही वाईट वाटले नाही. 46-14 वर मिनिटाला 80 फेऱ्यांत ताशी 34 किलोमीटर होतात आणि त्यापुढे घाटाच्या उतारावर ते पेडल मारत नाहीत.

मूळ लिव्हर, आखूड पिंजऱ्याचा डिरेलर, दोन रिंगा आणि पाच चक्रांचे फ्रीव्हील तेलकट कागदात गुंडाळून, कोणता वॉशर कुठल्या बाजूला होता त्याच्या चित्रासह, एका पत्र्याच्या डब्यात त्यांच्या घरी ठेवले आहेत. 23 मिलिमीटरची बुशीही त्याच डब्यात आहे. फेब्रुवारीत ते वरंध्याने उतरले आणि पाचव्या दिवशी त्याच घाटाने वर आले. परतल्यावर मी मागचा आस पुन्हा काचेवर लोळवला. तो सरळ होता.